जोडीदार बाईच मारते आणि 'मुलगी हातची जाईल' म्हणून धमकावते, तेव्हा काय करायचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. त्यांचा संमतीने घटस्फोट झालाय. आठ वर्षांच्या मुलीचा ताबा कोर्टाच्या आदेशाने त्यांच्याकडे आहे, वडील महिन्यातून दोन रविवारी तिला भेटतात. गेली काही वर्षं त्या पुण्यात एका बाईबरोबर राहतात. नातं जोडीदाराचं आहे, पण सोसायटीत 'मामेबहीण' म्हणून सांगितलंय आणि मुलगी तिला मावशी म्हणते. ही जोडीदार मारते. गेल्या महिन्यात तिने गळा दाबला. पोलिसांत जाईन म्हटल्यावर म्हणाली, "जा ना. तुझ्या नवऱ्याला आपले फोटो पाठवते. मुलगी एका दिवसात जाईल." ताई विचारतात : दोन बायकांमधल्या मारहाणीला घरगुती हिंसा म्हणतात का, पोलीस दाद देतील का, मुलगी खरंच जाईल का. आणि शेवटी एक ओळ जोडलीय, "एकदा मीही तिला ढकललं होतं, म्हणजे दोष दोघींचाच ना?"

मी बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात बरीच वर्षं काम करते आहे. बाईवर प्रेम करणाऱ्या बाया आमच्याकडे येतात, पण पहिल्या भेटीत तसं सांगत नाहीत. 'रूममेटचा त्रास आहे' किंवा 'बहिणीशी पटत नाही' असं सांगून बसतात. त्यामुळे तुम्ही हे इतकं स्पष्ट लिहिलंत, याचं मोल मला कळतं.

सगळ्यात आधी गळ्याचं बोलते, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. जोडीदाराने गळा दाबणं हे थप्पड किंवा केस ओढण्यापेक्षा फार वेगळ्या पातळीचं आहे. पुढे जिवावर बेतण्याच्या ज्या खुणा आम्ही शोधतो, त्यांत ही सगळ्यात वरची. गळ्यावर वळ दिसत नसला तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, डोळ्यांत लाल ठिपके आले असतील, चक्कर किंवा डोकेदुखी असेल, तर आजच सरकारी रुग्णालयात जा. महिना झाला म्हणून टाळू नका. केसपेपरवर 'जोडीदाराने हाताने गळा दाबला' असं लिहून घ्या. जोडीदार म्हणायचं नसेल तर 'सोबत राहणाऱ्या व्यक्तीने' म्हणा. 'जिन्यावरून पडले' असं सांगू नका, कारण कागदावर एकदा पडलेली ती ओळ पुढे तुमच्याच विरोधात वाचली जाते. आणि तपासणीला एकटीच आत जा. हे मुद्दाम सांगते. नवरा सोबत आला असेल तर चांगली नर्स त्याला बाहेर थांबवते. पण सोबत 'बहीण' आली असेल तर तिला कोणीच बाहेर थांबवत नाही. उलट 'बहीण आहे ना, बसू दे' म्हणतात. मग मारणारीच्या समोर डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?"

आता ढकलण्याचं. दोन बायकांच्या प्रकरणात पोलीस, शेजारी, मैत्रिणी, कधीकधी समुपदेशकसुद्धा एकच निष्कर्ष काढून मोकळे होतात : भांडण झालं, दोघींनी एकमेकींना मारलं, मिटवा. कोण उंच, कोण दणकट, कोण 'पुरुषासारखी' राहते यावरूनही अंदाज बांधले जातात, आणि ते सरसकट चुकतात. मी आकाराने लहान, मृदू बोलणाऱ्या बाईने दुसरीला वर्षानुवर्षं धाकात ठेवलेलं पाहिलंय. आम्ही वेगळे प्रश्न विचारतो. घरात कोण कोणाला घाबरतं? दाराला चावी लागल्याचा आवाज आला की कोणाच्या पोटात गोळा येतो? फोन कोणाचा तपासला जातो, पगार कोणाच्या खात्यात जातो, कोणाच्या मैत्रिणी हळूहळू तुटल्या? भांडणानंतर माफी नेहमी कोण मागतं? तुमच्या लिहिण्यात या सगळ्याची उत्तरं एकाच दिशेची आहेत. मार चुकवण्यासाठी किंवा एकदाचं असह्य होऊन ढकलणं आणि दुसऱ्या माणसाला कायम भीतीत ठेवणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, ही घरगुती हिंसाच आहे.

'आपल्यात असं नसतं' हा समजही बाजूला ठेवूया. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसेचे जे आकडे येतात ते मुख्यतः नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचे. बाई जोडीदार असलेल्या बाया त्यात दिसतच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत मात्र हा प्रश्न होता. तिथे ४३.८ टक्के लेस्बियन स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसल्याचं सांगितलं. भिन्नलिंगी स्त्रियांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. हा आकडा पुष्कळदा अर्धवट सांगून 'बघा, बायकाच बायकांना जास्त मारतात' असं म्हटलं जातं. ते चूक आहे. त्या लेस्बियन स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना त्रास देणाऱ्या फक्त बाया होत्या, उरलेल्या एक तृतीयांश जणींच्या अनुभवात पुरुषही होते, कारण आधी लग्नं झालेली असतात, आधीचे मित्र असतात. त्यातून मला एवढंच घ्यायचं आहे की अशा तुम्ही एकट्या नाही.

आता तुमच्या भीतीच्या मुळाशी येते. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या आयांना दोन गोष्टी उलट वाटत असतात. मुलीच्या ताब्याची तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. मारणाऱ्या जोडीदाराविरुद्ध संरक्षण आदेश मिळवण्याची बाजू मात्र लग्न झालेल्या बाईपेक्षा लंगडी आहे. तुमच्या जोडीदाराच्या धमकीचा सगळा जोर पहिली गोष्ट तुम्हाला माहीत नसण्यावर चाललाय. म्हणून आधी ताबा, मग पोलीस.

ताब्याचा आदेश तुमच्या हातात आहे. तो बदलायला मुलीच्या वडिलांना कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा लागेल, तुम्हाला नोटीस येईल, तुमचं म्हणणं ऐकलं जाईल, न्यायालयाच्या समुपदेशक मुलीशी आणि तुमच्याशी बोलतील, बहुधा न्यायाधीशही मुलीला चेंबरमध्ये भेटतील. 'एका दिवसात' यातलं काहीच होत नाही. कसोटी एकच असते, मुलीचं हित. समलिंगी नातं हा २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिल्यापासून गुन्हा राहिलेला नाही, आणि आई बाईबरोबर राहते म्हणून ती आई म्हणून नालायक ठरते असं सांगणारं कलम कुठल्याही कायद्यात नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मुलीच्या ताब्याच्या प्रकरणात म्हटलं की व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, ताबा नाकारण्याचं नाही. ते प्रकरण नवराबायकोचं होतं, तुमच्यासारखं नव्हतं. तरी तुमच्या वकिलाला त्यातलं तत्त्व वापरता येईल : बाईच्या खासगी नात्यावरून तिच्या आईपणाचा निकाल लावायचा नाही.

मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. न्यायाधीशही याच समाजातून येतात. काहींच्या मनात पूर्वग्रह असतो आणि समोरचा वकील त्यालाच हात घालतो. तुमचे पूर्वीचे पती कसे आहेत, मुलीला त्यांचा किती लळा आहे, त्यांनी याआधी भेटीच्या अटींवरून भांडणं काढली आहेत का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. उद्या त्यांनी अर्ज केलाच, तर तुमच्या नात्यापेक्षा जास्त नुकसान करणारा मुद्दा असेल तो हा : 'घरात मारहाण होत होती, मुलीसमोर होत होती आणि आईने ती लपवली.' हिंसेतून मुलीला घेऊन बाहेर पडलेली, डॉक्टरकडे आणि पोलिसांत गेलेली आई न्यायालयात फार वेगळी दिसते. म्हणजे जी गोष्ट केल्याने मुलगी जाईल असं तुम्हाला सांगितलं जातंय, तीच गोष्ट मुलीला तुमच्याकडे राखायला उपयोगी पडते.

इथे थोडं थांबून वाचणाऱ्यांतल्या दुसऱ्या आयांसाठी लिहिते, कारण त्यांचं दुखणं याच्या बरोबर उलटं आहे. आपल्याकडे दोन बाया एकत्र मूल दत्तक घेऊ शकत नाहीत. दत्तक नियमांप्रमाणे जोडप्याला लग्नाची दोन वर्षं लागतात आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ च्या, समलिंगी लग्नाबद्दलच्या सुप्रियो निकालात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो नियम कायम ठेवला. मग एक बाई 'सिंगल' म्हणून दत्तक घेते किंवा आयव्हीएफ करून घेते. आयव्हीएफसारख्या उपचारांबद्दलचा २०२१ चा कायदा एकट्या बाईला वयाच्या २१ ते ५० वर्षांपर्यंत त्याची मुभा देतो. जन्मदाखल्यावर आई एकच. दुसरी रात्ररात्र जागते, लसीकरणाला नेते, शाळेची फी भरते आणि कागदावर कोणीच नसते. मारणारी जर कागदावरची आई असेल तर धमकी अशी असते, "तू निघालीस की मुलाचं तोंड दिसणार नाही." अशा बाईला माझा सल्ला : रागाच्या भरात मूल घेऊन घर सोडू नका. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मूल नेल्याचा, म्हणजे अपहरणाचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचे मेसेज, फोटो जपून ठेवा. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाचा नातेवाईक किंवा 'मित्र' पालकत्वासाठी अर्ज करू शकतो. जन्मदात्या किंवा दत्तक आईसमोर तो मार्ग फार अरुंद आहे, पण मुलाच्या जिवाला धोका असेल तर चाइल्डलाइन १०९८ आणि बाल कल्याण समिती तुमचं म्हणणं ऐकतात, त्यासाठी कोणतंही नातं सिद्ध करावं लागत नाही.

परत तुमच्याकडे वळते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तुम्हाला लागू होतो का? इथेच गाडी अडते. पूर्वी या कायद्यात तक्रार मुख्यतः प्रौढ पुरुषाविरुद्धच करता यायची. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरल हरसोरा प्रकरणात 'प्रौढ पुरुष' हे शब्द रद्द केले, त्यामुळे आता बाईविरुद्धही तक्रार होऊ शकते. सासू, नणंद, बहीण यांच्याविरुद्ध तशा तक्रारी होतात. पण कायदा आधी 'कौटुंबिक नातं' मागतो : रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं, एकत्र कुटुंबाचं किंवा 'लग्नासारखं'. आणि २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलंय की समलिंगी जोडीदारांचं नातं या कायद्याच्या दृष्टीने लग्नासारखं नातं धरता येणार नाही. हे मत २०१८ च्या आधीचं आहे, त्यावर आज वाद घालता येईल आणि कोणीतरी तो घालायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. मात्र ज्या बाईला या आठवड्यात सुरक्षित झोपायचंय, तिला मी नवा कायदा घडवण्याच्या लढाईत पहिल्याच दिवशी ढकलत नाही. वकील तयार असेल तर हा अर्ज जोडीला करा, फक्त त्याच एकावर विसंबून राहू नका.

त्यापेक्षा भारतीय न्याय संहितेतली, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्यातली साधी कलमं वापरा. दुखापतीचं कलम ११५, धारदार वस्तू वापरली असेल तर ११८, खोलीत कोंडलं असेल तर १२७, धमकीसाठी ३५१, 'पैसे दे नाहीतर सांगते' असं असेल तर खंडणीचं ३०८. यातलं एकही कलम मारणारी तुमची कोण लागते हे विचारत नाही. तक्रारीत 'माझ्यासोबत एकाच फ्लॅटमध्ये राहणारी व्यक्ती' एवढं पुरतं. नातं सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. पोलीस ठाण्यात सांगितलंच पाहिजे असं नाही, वकिलाला मात्र सगळं खरं सांगा. अर्ज असा लिहा की त्यात तारीख, वेळ, जागा, नेमकं काय झालं आणि मुलगी कुठे होती हे येईल : 'दि. अमुक रोजी रात्री दहाच्या सुमारास स्वयंपाकघरात तिने मला भिंतीशी दाबून दोन्ही हातांनी गळा आवळला, मला श्वास घेता येईना, मुलगी दारात उभी होती.' 'ती मला खूप त्रास देते' या वाक्यावर कोणीही काहीही करत नाही. गळा आवळल्याचं पहिल्याच ओळीत येऊ द्या, आणि केवळ दुखापत म्हणून नोंद होत असेल तर त्याला लेखी हरकत घ्या.

साध्या दुखापतीचा गुन्हा अदखलपात्र असल्याने बहुतेक वेळा ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेऊन पाठवतात. एनसीला कमी लेखू नका. तिची प्रत मागून घ्या. एकापाठोपाठ एनसी झाल्या की त्यांच्या आधारावर चॅप्टर केस होते, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली तिच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं जातं. शहरात हे सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालतं. बऱ्याच जणींच्या बाबतीत पहिला खरा वचक त्यानेच बसलेला मी पाहिलाय, कारण मारणाऱ्या बाईला नोकरी असते, तिलाही चारचौघांत नाव असतं. 'मैत्रिणींचं भांडण आहे, घरी जा' असं सांगून कोणी परत पाठवलं तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि वरिष्ठांकडे टपालाने पाठवा. महाराष्ट्रात एक सोय चांगली आहे : महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर तो सुरू केला आणि पुढे राज्यभर पसरला. तिथे पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसतात. ठाण्यात एकटीने जाण्याआधी त्यांच्याकडे जा. पुण्यात बायका-मुलांना मदत करणारा पोलिसांचा भरोसा सेलही आहे. तिथल्या टेबलावर बसणारी व्यक्ती कशी असेल याची हमी मी देऊ शकत नाही; पहिली नीट वागली नाही तर दुसरीकडे जा, पण जाणं सोडू नका.

फोटोंचं काय? ते खासगी क्षणांचे असतील तर तुमच्या बाजूने एक बदल झालाय जो अनेक वकिलांच्याही लक्षात आलेला नाही. जुन्या दंडसंहितेत बाईचे असे फोटो काढण्या-पसरवण्याचा गुन्हा फक्त पुरुषाला लागायचा. न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आता 'जो कोणी' असे शब्द आहेत, म्हणजे बाईलाही लागतो. पाठलागाचं कलम ७८ मात्र अजून पुरुषापुरतंच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, खासगीपणाचा भंग करण्याबद्दलचं कलम ६६ई जोडीला येतं. फोटो पुढे गेले तर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लगेच तक्रार करा. आणि तिने धमकी मेसेजवर दिली असेल तर ते मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून तिला माहीत नसलेल्या मेलवर पाठवून ठेवा. आधी तुमचं व्हॉट्सॲप तिच्या लॅपटॉपवर उघडं नाही ना, तुमच्या गूगल खात्याचा पासवर्ड तिला माहीत नाही ना, एवढं बघा. दोघींनी एकच खातं वापरायची सवय असते, आणि तुम्ही कुठे जाताय हे मग तिला नकाशावर दिसतं.

कुठे जायचं हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं सरसकट उत्तर नाही. माहेर असेल आणि ते तुम्हाला मुलीसकट घेणारं असेल तर उत्तम. पण काही माहेरं नातं कळल्यावर मुलगी काढून घेतात किंवा वर्षभरात दुसरं लग्न लावायला बघतात. तुमचं माहेर कसं आहे हे तुम्हालाच माहीत. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मुलीसह तात्पुरतं, पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढे शक्तिसदन या सरकारी निवाऱ्यात सोय होऊ शकते. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तर जवळचं केंद्र सांगतात. तिथे गेलात तर अधीक्षकांना एक गोष्ट स्पष्ट सांगा : ज्या व्यक्तीपासून मी आले ती बाई आहे. महिलांच्या निवाऱ्याची सगळी सुरक्षा पुरुषाला दारात अडवण्यासाठी असते. बाई आली, डोळ्यांत पाणी आणून 'माझी बहीण इथे आहे' म्हणाली, की तिला आत खुर्ची आणि पाणी मिळतं. तिचं नाव आणि फोटो गेटवर देऊन ठेवा.

घराचा भाडेकरार दोघींच्या नावाने असेल, तर ती तुम्हाला मनात आलं म्हणून बाहेर काढू शकत नाही; तुम्हीही तिला काढू शकत नाही. फ्लॅट तिच्या मालकीचा असेल तर भांडत न बसता निघणं शहाणपणाचं. तुमचं घर असेल तर मात्र तुम्ही का निघायचं? अशा वेळी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम मागता येतो. वकिलाचा खर्च हा अडथळा मानू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. निघताना ताब्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत, मुलीचा जन्मदाखला, आधार, शाळेची कागदपत्रं, पासपोर्ट, औषधं आणि थोडे रोख पैसे आधीच एखाद्या विश्वासू सहकाऱ्याकडे ठेवा. मुलगी शाळेत असताना, जोडीदार कामावर असताना निघा. 'मी चालले' असं आदल्या रात्री सांगायला जाऊ नका. निघण्याचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, हे मी फार जवळून पाहिलंय. शाळेत मुलीला न्यायला येऊ शकणाऱ्यांच्या यादीत 'मावशी'चं नाव असेल तर त्याच सकाळी लेखी अर्ज देऊन काढून घ्या. बहुतेक आया ही एक गोष्ट विसरतात. विमा, बँक आणि भविष्य निर्वाह निधीचं नॉमिनेशन नंतर बदललं तरी चालेल.

मुलीबद्दल थोडं. या घरात तिच्यावर दोन गुपितांचं ओझं आहे. एक, मावशी आईची कोण आहे. दुसरं, मावशी आईला मारते. आठ वर्षांच्या पोरीला ही दोन वेगळी करता येत नाहीत; तिच्या मनात त्यांचं एकच गुपित होतं, आणि मग तिला वाटतं की आईचं प्रेमच काहीतरी वाईट आहे म्हणून मार बसतो. ही गाठ तुम्ही सोडवायला हवी. साध्या शब्दांत सांगा : "मावशी मला मारते, ते चूक आहे. तुझ्यामुळे होत नाही. तू मध्ये पडायचं नाही, शेजारच्या काकूंकडे जायचं आणि ११२ लावायला सांगायचं." नात्याबद्दल किती सांगायचं ते तुम्ही सावकाश ठरवा, त्याला घाई नाही. बाबांना काही सांगायचं नाही, अशी शपथ मात्र तिला घालू नका. रविवारी बाबांबरोबर आइस्क्रीम खाताना तिच्या तोंडून निघून गेलं तर ती स्वतःला अपराधी मानत बसेल. आणि तिचा मावशीवर जीवही असेल. वेण्या तिनेच घातल्या असतील, अभ्यास तिनेच घेतला असेल. घर सोडल्यावर ती मावशीसाठी रडली तर तो तुमचा अपमान नाही, तिला रडू द्या.

पूर्वीच्या पतींना स्वतःहून सांगायचं का? ते समंजस असतील तर तुमच्या वकिलामार्फत एवढंच कळवणं मला योग्य वाटतं की 'घरात सोबत राहणाऱ्या व्यक्तीकडून मला धोका निर्माण झाल्याने मी मुलीसह पत्ता बदलला आहे, भेटी ठरल्याप्रमाणे चालू राहतील.' ताब्याच्या आदेशात पत्ता बदलल्यास कळवण्याची अट असेल, तर तीही त्याने पाळली जाते. शिवाय जोडीदाराच्या हातातली धमकी तिथेच बोथट होते. पण लग्नात तेच मारत असतील तर हे अजिबात करू नका. मग नवा पत्ता फक्त न्यायालयाला, तोही बंद पाकिटात.

राहता राहिली तुमची जोडीदार स्वतः. तुम्ही लिहिलंय की तिला घरच्यांनी टाकलंय, तुमच्याशिवाय तिचं कोणी नाही आणि तुम्ही गेलात तर ती जीव देईन म्हणते. हे दुःख खरं असू शकतं. समाजाने तिला जे सोसायला लावलं त्याचा रागही मला येतो. पण ते तुमच्या गळ्यावर निघावं हे मला मान्य नाही. तिच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिच्या एखाद्या मैत्रिणीला कळवून ठेवता येईल, जिवाला धोका वाटला तर ११२ आहे. तिथवर तुमची जबाबदारी संपते. दोघींनी मिळून समुपदेशनाला यायचं का, असंही विचारलंत. आत्ता नाही. जिची भीती वाटते तिच्या शेजारी बसून कोणीही खरं बोलत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत घरी जाऊन मोजावी लागते. 'बाहेर कळलं तर आपलीच बदनामी होईल' असं तुमच्या ओळखीतलंच कोणी सांगेल, तर त्यांना माझ्यातर्फे सांगा की मार खाणाऱ्या बाईला गप्प बसवून कुठल्याही समूहाची इज्जत राहत नाही. मुंबईत लेबिया, पुण्यात बिंदू क्विअर राइट्स फाउंडेशन असे समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारे गट आहेत. तुमची जोडीदारही त्याच वर्तुळात वावरत असेल तर आधी फोनवर तेवढं विचारून घ्या.

आजचं काम दोनच गोष्टींचं : डॉक्टर आणि शाळेतल्या त्या यादीची चौकशी. यादीतून नाव काढायचा अर्ज निघायच्या सकाळी, त्याआधी दिलात तर तिला सुगावा लागेल. यानंतर लिहायचं झालं तर ऑफिसच्या किंवा सहकाऱ्याच्या फोनवरून लिहा, नाव नको, सोसायटी नको. फक्त शहराचा कुठला भाग आणि घराचा करार कोणाच्या नावावर आहे एवढं सांगा. त्यावरून कुठल्या ठाण्याच्या विशेष कक्षात जायचं ते मी सांगते.